सुरा की पाइप?

लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात १८८८ साली झालेल्या स्त्रीहत्यांचा कर्ता अद्यापि अज्ञात आहे. तथापि त्या प्रकरणाच्या शिल्लक दप्तरातील प्रत्येक कागदास सारखेच प्रामाण्य देण्याची जी प्रवृत्ती हौशी संशोधकांत आढळते, ती आम्हांस मान्य नाही. ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर बर्नर स्ट्रीटवर त्या बळींपैकी एक एलिझाबेथ स्ट्राइड हिच्यावर झालेला हल्ला पाहिल्याचे सांगणाऱ्या, इंग्रजी न जाणणाऱ्या एका हंगेरियन इसमाने पोलिसांपुढे जी जबानी दिली, तीत हल्लेखोराखेरीज रस्त्यावर असलेला दुसरा मनुष्य पाइप पेटवीत होता. आणि १ ऑक्टोबरच्या ‘स्टार’ पत्राने त्याच इसमाची हकिकत छापली, तीत त्या मनुष्याच्या हाती चक्क सुरा आला! साक्षीदार बदलला, दुभाषा चुकला, की बातमीदाराची लेखणी खपाच्या लोभाने धारदार झाली, याचा निवाडा आज दुष्कर आहे. पोलिसी कागद म्हणून पाइपचा वृत्तान्त निर्दोष मानावा, तर मूळ जबानीही उपलब्ध नसून इन्स्पेक्टर स्वॉन्सन यांनी १९ ऑक्टोबरला केलेला तिचा गोषवाराच काय तो हाती राहतो. तरीही वरिष्ठांच्या अवलोकनार्थ लिहिणाऱ्या अंमलदारास पाइप रंगवून सांगण्याचे प्रयोजन नव्हते, आणि सायंदैनिकास सुऱ्याचे होते, एवढ्यावरून आमचा कौल पाइपकडे झुकतो. मारेकऱ्याचे ‘जॅक द रिपर’ हे नावदेखील एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या निनावी पत्रातून रूढ झाले, आणि ते पत्र कोणा पत्रकाराचीच करामत असावी, असे पुढे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे.