“लवकर सुकणारं सिमेंट द्या” असं मागू नका



मे महिना लागला की खेडच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात एकच मागणी ऐकू येते. “भाऊ, लवकर सुकणारं सिमेंट द्या.” पाऊस तोंडावर आलेला असतो, टाकी गळत असते, गोठ्याचा कोपरा फुटलेला असतो आणि गवंडी मिळत नाही. मी पण असंच मागायचो. आता माझं मत असं झालंय की नुकसान निम्मं त्या मागण्यातच होतं.

माझंच सांगतो. काजूच्या कलमांसाठी चिऱ्याची टाकी आहे, १२ बाय ८, खोली ५ फूट. म्हणजे साडेतेरा हजार लिटरच्या आसपास पाणी. तळाजवळ दोन हात लांब भेग गेली आणि रात्रीत वीतभर पाणी उतरायला लागलं. दुकानातून पटकन सेट होणाऱ्या पावडरीची पुडी आणली. घमेल्यात सगळी एकदम कालवली. चार थाप्या मारतोय तोवर घमेल्यातच दगड व्हायला लागला. मग काय केलं, तर वरून आणखी पाणी ओतलं आणि परत ढवळलं. हा शहाणपणा करू नका. सेट व्हायला लागलेल्या मालात पाणी घातलं की तो मऊ दिसतो, पण त्याची ताकद गेलेली असते. आठवड्याभरात कडेने केसासारखी चीर पडली, आणि ऐन एप्रिलात सगळी खपली हातात आली. टँकरचं पाणी परवडेपर्यंत घातलं. ४० कलमांतली ११ गेली. वेंगुर्ला-४ होती, दोन वर्षांची.

दुकानदाराला दोष देत नाही. मी मागितलं तेच त्याने दिलं.

पहिली गोष्ट, सिमेंट सुकत नाही. ते पाण्याबरोबर रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. पाणी उडून गेलं तर उलट कच्चं राहतं. दुसरी गोष्ट, लवकर सेट होणं वेगळं आणि लवकर ताकद धरणं वेगळं. साधं ओपीसी सिमेंट कमीत कमी ३० मिनिटं तरी सेट व्हायला लागत नाही आणि जास्तीत जास्त १० तासांत पूर्ण सेट झालं पाहिजे, असा आयएसचा नियम आहे. ‘रॅपिड हार्डनिंग’ म्हणून जे मिळतं त्यालाही ३० मिनिटांचाच नियम आहे. म्हणजे थापी मारायला वेळ तितकाच मिळतो, फक्त ताकद लवकर येते. साध्याला सात दिवसांत येते तेवढी त्याला साधारण तीन दिवसांत. पंपाचा पाया, फाटकाचा खांब, गाडीखाली येणारा रॅम्प, अशा लवकर वापरात घ्यायच्या कामाला ते बरं.

वाहतं पाणी थांबवायची पावडर ही तिसरीच जात. ती तीन ते पाच मिनिटांत आवळते. तिचं काम बुचाचं आहे. बाटलीला बूच लावतो, बुचाची बाटली कोण करत नाही. मी नेमकं तेच करायला गेलो होतो.

पुढच्या वर्षी गावातल्या जुन्या गवंड्याने तीच भेग केली ती अशी. छिन्नीने भेग खोलली, बोटभर खोल, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, म्हणजे माल आत अडकून बसतो. ब्रशने धुतली. मग चिरा पाणी पिऊन गार होईपर्यंत भिजवला. आपला जांभा पाणी शोषतो, कोरड्यावर माल लावला तर मालातलं पाणी दगडच पिऊन टाकतो. थेंब जिथून येत होता फक्त तिथे पावडर, तीही एका वेळी मूठभर, नाचणीच्या भाकरीच्या पिठाएवढी घट्ट. हाताला गरम लागायला लागली की दाबून धरायची आणि कडक होईपर्यंत हात हलवायचा नाही. रबरी हातमोजे घाला, सिमेंट कातडी खातं. बाकीची भेग एकास तीन साध्या मालाने भरली, वरून गिलावा आणि दहा दिवस ओलं गोणपाट. पीपीसी असेल तर दहा दिवस पाणी मारलंच पाहिजे. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी गोणपाट काढून लोक भाजावळीला जातात.

भेग भरायच्या आधी ती जिवंत आहे का मेलेली, ते बघा. तिच्यावर सिमेंटची पातळ पट्टी आडवी ओढा आणि पेन्सिलीने तारीख लिहा. महिन्याभरात पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय. तिला कुठलंच कडक सिमेंट धरणार नाही, लवचिक सीलंट लागेल किंवा पायाच बघावा लागेल.

सळई दिसत असेल तर आणखी सावध. गंज फुगतो आणि काँक्रीट ढकलून देतो. वरून लिंपलं तर आत गंज चालूच राहतो. सळईच्या मागपर्यंत खोलून, गंज घासून, मगच भरायचं. लवकर सेट व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळायचा सल्ला कोणी दिला तर सळईच्या कामात अजिबात ऐकू नका, क्लोराइडने सळई गंजते. आपल्याकडे दमट हवा आधीच कमी नाही.

भट्टीचं सिमेंट उरलंय, स्वस्तात घ्या, असं कोणी म्हटलं तर त्याला पण लांब ठेवा. ते हाय अॅल्युमिना सिमेंट असू शकतं. एका दिवसात दगड होतं म्हणून माणूस भुलतो, पण उष्ण आणि दमट जागी ते पुढे ताकद सोडतं. इंग्लंडमध्ये १९७३ आणि १९७४ साली त्याच्या तुळया वापरलेली शाळांची छपरं पडली, त्यातलं एक पोहण्याच्या तलावावरचं होतं. तिथल्या थंडीत ही गत, तर आपल्या पावसाळ्यात काय होईल.

आणि सगळी गळती सिमेंटने थांबत नाही, हे आपण चिपळूण-खेडच्या लोकांनी तरी विसरू नये. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं, माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या, असं तेव्हा पेपरात आलं होतं. मातीच्या बांधातून पाणी गढूळ येतंय म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय. तिथे बाहेरून सिमेंट लिंपायला जाऊ नका. शेततळ्याचा बांध असो की धरणाचा, खालच्या वाडीला सांगा, लोकांना हलवा आणि लघुपाटबंधाऱ्याच्या इंजिनिअरला बोलवा.

तर दुकानात गेलात की ‘लवकर सुकणारं’ म्हणू नका. पाणी वाहतंय की नुसती ओल आहे, आत सळई आहे का, वजन येणार का, आणि कधी वापरायचंय, एवढं सांगा. गोणीवरचा आठवडा आणि साल वाचा. तीन महिन्यांच्या वरची गोणी आपल्या हवेत घेऊ नये, हाताला गाठी लागल्या तर अजिबात नाही. आणि खरं म्हणाल तर डागडुजीचा महिना मे नव्हेच. दिवाळीनंतर टाकी एकदा रिकामी करून वाजवून बघा, पोकळ कुठे बोलते ते लगेच कळतं. तेव्हा गवंडी पण मिळतो आणि साधं सिमेंट पुरतं.

माझ्या टाकीत परवा रात्री काठीला खूण करून ठेवली होती. सकाळी दोन बोटं पाणी खाली. जुनी भेग कोरडी आहे, म्हणजे गळती दुसरीकडे आहे, बहुतेक पाइप बाहेर निघतो त्या तोंडाशी. तेवढ्या जागेपुरती यंदा मूठभर पावडर लावतो, बाकीचं दिवाळीनंतर.