झटका मशीन : तार हलवली, अर्थिंगचे काय?

भात कापले की मालवणात त्याच कुणग्यात कुळीथ, भुईमूग येतो, मागोमाग रानडुकरेही. म्हणूनच हंगामानुसार हलवता येणारे सौर कुंपण सोयीचे.

कसे चालते?
१२ व्होल्टच्या बॅटरीवरील यंत्र साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरच, उच्च दाबाचा झटका तारेत सोडते. प्राणी तारेला लागला की वीज त्याच्या अंगातून जमिनीत, तिथून अर्थिंगच्या सळईमार्गे यंत्राकडे परतते.

अडते कुठे?
सड्यावरच्या कोरड्या जांभ्यातून वीज नीट वाहत नाही; पावसाळ्यात तारेला टेकलेले गवत झटका कमजोर करते. त्यामुळे कुंपण हलवताना सळई ओलसर जागी खोल रोवा, गवत काढत राहा. झाडांवरून येणारी माकडे मात्र याने थांबत नाहीत.

धोका कोणता?
तारेत घरची २३० व्होल्टची वीज थेट सोडणे बेकायदा आहे. तो प्रवाह क्षणात तुटत नाही. माणसाचाही जीव जातो.