ईईजीतली प्रत्येक लाट मेंदूची नसते

जालना एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसावर ‘फिट’चा शिक्का बसला की भट्टीवरचं काम सुटतं, घराची चूल अडते. म्हणून आम्ही म्हणतो, हा शिक्का एकट्या ईईजीवरून बसू नये.

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. पण डोळाही छोट्या बॅटरीसारखा असतो. पुढची बाजू धन, मागची ऋण. पापणी मिटली की कपाळाकडच्या वायरींत मेंदूच्या लाटांहून मोठी लाट उमटते. डोळ्यांजवळ वेगळ्या वायरी लावल्या तर ती ओळखता येते, संगणकावर वजाही करता येते.

डॉक्टरांना विचारा, “डोळ्यांच्या लाटा वगळून पाहिलंत का?” झटक्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवा. ईईजी नॉर्मल आली तरी मिरगी असू शकते. गोळ्या मनाने बंद करू नका. विचारणं हा आपला हक्क आहे.