बूट दिले, पण पाय कोणी मोजले?

"साहित्य देतो हो आम्ही, हेच लोक वापरत नाहीत." सफाई कामगारांबद्दल हे वाक्य मी हिंदीत ऐकलं आहे, तेलुगूत ऐकलं आहे, मराठीत तर लहानपणापासून ऐकते आहे. बोलणारा कधी स्वच्छता निरीक्षक असतो, कधी कंत्राटदाराचा मुकादम, कधी चांगला शिकलेला, सामाजिक कामात असलेला माणूस. सूर तोच. यांना सवय नाही, यांना कळत नाही, म्हणजे दोष यांचाच. जातीबद्दल एक शब्दही न काढता जातीचं सगळं बोलून होतं.

माझं पीएच.डी.चं काम कंत्राटी सफाई कामगारांवर आहे. हे वाक्य आलं की मी अलीकडे एकच विचारते: कोणत्या नंबरचे बूट दिले? बहुतेकदा समोरच्याला ते माहीत नसतं. एका महापालिकेच्या भांडारात मला खरेदीचा कागद पाहायला मिळाला. गमबुटांचा रंग होता, उंची होती, जोडांची संख्या होती, दर होता. नंबर मात्र दोनच, 8 आणि 9. त्या वॉर्डात झाडूकाम करणाऱ्या बहुतेक बायका, पाय 4 किंवा 5 नंबरचे. काहींनी टाचेमागे चिंध्या कोंबून पाहिल्या, काहींनी बूट घरच्या पुरुषाला दिले. एकीच्या दारात त्या बुटात कोथिंबीर उगवली होती, आणि ती चांगली आली होती.

नाल्यात उतरणाऱ्या पुरुषांची अडचण वेगळी. सैल गमबूट गाळात रुतला की पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. तो ओढून काढताना तोल जातो. "अनवाणी असलो की खालची काच निदान आधी कळते," असं एका कामगाराने मला सांगितलं. मला त्यात अडाणीपणा दिसला नाही. दोन धोक्यांतला कमी धोका तो निवडत होता.

आता कायदा पाहू. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यात गटार आणि सेप्टिक टँकच्या 'धोकादायक सफाई'वर बंदी आहे. धोकादायक म्हणजे कोणती? संरक्षक साहित्य आणि साधनं देण्याचं, सुरक्षेची काळजी घेण्याचं आपलं कर्तव्य पार न पाडता मालकाने हाताने करून घेतलेली. म्हणजे गुन्हा झाला की नाही हे ठरवताना साहित्य दिलं होतं का, हा प्रश्न येतोच. अशा वेळी कपाटातला 9 नंबरचा बूट फार उपयोगी पडतो, कामगाराच्या नव्हे, मालकाच्या. साहित्य दिलं, ही बघा सही. 2022 आणि 2023 मधल्या 54 मृत्यूंचा सरकारनेच अभ्यास करून घेतला, त्यांपैकी 49 जणांच्या अंगावर कोणतंही सुरक्षा साहित्य नव्हतं. गटारातल्या विषारी वायूपुढे बूट काहीच करू शकत नाही, आणि बूट नीट बसला म्हणून माणसाला खाली उतरवा असं मी अजिबात म्हणत नाही. तिथे यंत्रच हवं. पण रस्त्यावर, कचरा डेपोवर, नाल्याच्या काठावर रोज काम करणारे पाय आहेतच. त्यांच्यासाठी 'दिलं' या शब्दाचा अर्थ काय, हे ठरवायला हवं. मापात न बसणारा बूट हा दिलेला बूट नव्हेच, असं माझं मत आहे.

माप घेणं अवघडही नाही. आपल्याकडे चालणारे नंबर ब्रिटिश पद्धतीचे. एका नंबरात सुमारे साडेआठ मिलिमीटरचा फरक, तोही लांबीचा. रुंदी त्यात धरलेलीच नसते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभर 79 ठिकाणी 1,01,880 लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोपीय पायांपेक्षा रुंद निघाले, आणि त्यातूनच 'भा' या भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव आला. त्यातही लहानपणापासून अनवाणी चाललेला पाय पुढून जास्त पसरतो. आपल्या आईवडिलांचे पाय आठवा. रुंदी मिळावी म्हणून माणूस एक-दोन नंबर मोठा बूट घेतो, मग लांबी जास्त होते आणि टाच आत वरखाली होत राहते.

तुमच्यापैकी अनेकजण डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करून साइटवर, मेट्रोच्या कामावर, कारखान्यात रुजू होताय. घरात सेफ्टी शूज विकत घेतलेलं कोणी नसतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजतात. दोन्ही पाय मोजा आणि मोठा असेल तो धरा. कामावर जे मोजे घालणार तेच घालून जा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहू द्या, आणि ते लांब बोट अंगठाच असेल असं नाही. उकिडवं बसून पाहा, जिना उतरून पाहा. बोटं पुढे टेकली तर बूट परत करा. "वापरून सैल होईल" असं दुकानदार सांगेलच. चामडं सैल होतं, पुढची पोलादी टोपी होत नाही. मुलींनी पुरुषांचा छोटा नंबर घेऊन भागवू नये. बायकांची टाच पंजाच्या मानाने अरुंद असते, आणि बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज मिळतात, फक्त मागावे लागतात. आयएसआय खूण आणि आयएस 15298 हा क्रमांक पाहा. त्यातल्या भाग 2 च्या बुटाची टोपी 200 ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण 20 किलोचं वजन एक मीटरवरून पडावं तेवढा. घरी मधुमेह असलेलं कोणी असं काम करत असेल, तर रोज बूट झटकून आत हात फिरवायला सांगा. खडा टोचलेला त्यांना कळेलच असं नाही.

या देशात पाय मोजण्याची विद्या होती कोणाकडे? कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवणाऱ्या चांभाराकडे, आग्र्याच्या जाटव कारागिराकडे, तमिळनाडूतल्या अरुंधतियारांकडे, तेलुगू मुलखातल्या मादिगांकडे. अरुंधतियार आणि मादिगा हे परंपरेने चामड्याच्या कामातले समाज, आणि आज तिथल्या सफाई कामगारांत त्यांचीच संख्या मोठी आहे. गावाला चपला करून देणाऱ्यांना सवर्णांच्या गल्लीतून जाताना स्वतःची चप्पल हातात घ्यावी लागे. आता त्यांच्या नातवंडांना बूट घालण्याची सक्ती आहे, पण त्यांचा नंबर विचारायला कोणाला वेळ नाही. सैनिकाला त्याच्या मापाचा बूट मिळावा हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. त्यामुळे ही केवळ प्रशासनाची ढिलाई आहे, हे मला मान्य नाही.

पदवी घेतली म्हणजे आपल्यापैकी बरेचजण घरात सरकारी कागद वाचू शकणारं पहिलं माणूस झालो. तर आपल्या गावच्या पालिकेला माहिती अधिकारात विचारा: मागच्या तीन वर्षांत गमबूट आणि सेफ्टी शूज कोणत्या नंबरचे किती जोड घेतले, कामगारांत स्त्रिया किती, पुरुष किती, वाटपाआधी माप घेतलं असल्यास त्या यादीची प्रत. अर्जाचं शुल्क बहुतेक ठिकाणी 10 रुपये आहे. माप घेतलेलं नाही, एवढंच उत्तर आलं तरी ते लेखी असतं, आणि युनियनला पुढच्या बैठकीत ते टेबलावर ठेवता येतं. तुमच्यापैकी काहीजण आता पालिकांत कनिष्ठ अभियंता किंवा लिपिक आहेत, आणि मागणीपत्रं त्यांच्याच टेबलावरून जातात. हजेरीपटात नावापुढे बुटाच्या नंबरचा एक रकाना आखला, तर पुढची खरेदी त्यावरून करता येईल.