पुरावा तिनेच का द्यायचा?

२०१६ मध्ये दक्षिण कोरियातली 'गेगुरी' ही किशोरवयीन मुलगी 'ओव्हरवॉच' हा ऑनलाइन गेम इतका अचूक खेळली, की ती लबाडी करते असा आरोप प्रतिस्पर्ध्यांनी केला. धमक्याही आल्या. अखेर हात आणि पडदा दोन्ही दिसतील अशा रीतीने कॅमेऱ्यासमोर खेळून तिला स्वतःला सिद्ध करावं लागलं. २०१८ मध्ये ती ओव्हरवॉच लीगमधली पहिली महिला खेळाडू ठरली.

ऑनलाइन खेळताना शिव्या ऐकाव्या लागणाऱ्या मुलींना दिला जाणारा 'दुर्लक्ष कर, म्यूट कर' हा सल्ला म्हणूनच अन्यायाचा आहे. शिवी देणारा मोकळा आणि गप्प बसायचं ते जिला शिवी पडली तिनं!

गेम बनवणाऱ्या कंपन्यांना बरंच काही करता येतं. 'लीग ऑफ लेजंड्स'च्या रायट गेम्सने प्रतिस्पर्ध्यांशी चॅट करण्याची सोय मुळातच बंद ठेवून पाहिली. ज्याला हवी त्याने सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करायची. चॅट जवळपास तेवढंच राहिलं, त्यातला विखार मात्र सुमारे एक तृतीयांशाने घटला.

आपल्याकडे बीजीएमआयसारख्या मोबाइल गेममध्ये मराठी-हिंदी शिव्या ओळखणारी माणसं नेमायला हवीत, तक्रारीचं पुढे काय झालं हे तक्रारदाराला कळायला हवं. आणि संघातल्या बाकीच्यांनी शिवी देणाऱ्याला तिथल्या तिथे अडवायला हवं.