चावी कुणाची

लिस्बनला आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजून गेले होते. टॅक्सीवाल्याने आम्हाला खाली नदीजवळच्या एका चौकात सोडलं, वरच्या अंधाराकडे बोट दाखवलं आणि "आता पुढे तुमचं तुम्ही" अशा अर्थाचं काहीतरी बोलून तो निघून गेला. पुढे गाडी जातच नाही. आल्फामा हा या शहराचा डोंगरउतारावरचा जुना भाग. वर साओ जॉर्जचा किल्ला, खाली तेजू नदी (आपल्या भूगोलाच्या पुस्तकातली टेगस), आणि मधे नुसत्या पायऱ्या आणि बोळ. आई, मी आणि दोन बॅगा. आईचं वय बहात्तर, तिच्या गुडघ्यांचं त्याहून थोडं जास्त. मावशीला हे वाचून हसू येणार आहे, कारण "तिला कुठे चढवतेस" असं तिने आधीच बजावलं होतं.

चाकांच्या बॅगा दगडी फरसबंदीवरून नेल्या की काय आवाज होतो, ते पुण्यातल्या बोळात कधी लक्षात आलं नव्हतं. दोन भिंतींमधलं अंतर जेमतेम दोन हातांचं, त्यामुळे आवाज वर वर चढत जातो. वरची एक खिडकी उघडली. एका म्हातारीने आमच्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, आणि खिडकी लावून घेतली. रागाने लावली असती तर बरं वाटलं असतं. सवय झाल्यासारखी लावली.

आमच्या दाराशेजारी भिंतीवर लहान लहान कुलूपपेट्या ठोकलेल्या होत्या, एक ना दोन, पाच. आकडे जुळवायचे, झाकण उघडायचं, आत चावी. घरमालक कोण, कुठे राहतो, काही पत्ता नाही. चार रात्रींचे ४८० युरो आधीच कापून घेतलेले. "जुन्या वस्तीत, अस्सल लिस्बनकरांसारखं राहा" असं जाहिरातीत लिहिलं होतं आणि खरं सांगते, त्याच वाक्याला मी भुलले होते.

सकाळी खिडकी उघडली तर समोर तीच खिडकी आणि तीच म्हातारी. आईने रात्रीच दोन कपडे धुऊन टाकले होते (आई जगाच्या पाठीवर कुठेही गेली तरी पहिल्या रात्री धुणं धुणार), ते ती खिडकीबाहेरच्या दोरीवर घालत होती. समोरून हातवारे सुरू झाले. पाणी खाली ठिबकतंय, नीट पिळ. आईने मुकाट्याने पिळले. मग खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून ती म्हणाली, "जनेल." आईची आजी म्हापशाची, त्यामुळे कोकणीतले असे काही शब्द आईकडे उरले आहेत. समोरची क्षणभर थांबली आणि हसली. "झनेला!" मग दोघींचा खेळच सुरू झाला. बटाटा. पाव. साबण. बादली. खुर्चीला आमच्या पणजीकडे कदेल म्हणायचे, तेही जुळलं. मी मागे उभी राहून चहा पीत ऐकत होते. मला गाईडबुकं पाठ होती आणि शहराशी बोलणं मात्र आईचं चाललं होतं.

आईने हातातली चावी दाखवली. "चावी." म्हातारी म्हणाली, "शाव." आईला वाटलं आपला उच्चार चुकला. खरं तर तो चुकलेला नाही, जुना आहे. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा तेही या अक्षराला 'च'च म्हणत. पुढे लिस्बनमध्ये त्याचा 'श' झाला, आपल्याकडे 'च' राहिला. आमच्या लातूरच्या बॅगेला लावलेल्या कुलपाच्या चावीत सोळाव्या शतकातलं लिस्बन शिल्लक आहे म्हणायचं.

पण त्या चावीकडे बघून म्हातारीचा चेहरा जरा बदलला. तिने आमच्या इमारतीकडे हात केला, मग आपल्या इमारतीकडे. बोटं मोजली. सहा घरं. मग बॅग ओढल्याचा अभिनय केला, एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी छातीवर हात ठेवला. सहावं तिचं.

त्यानंतरचे तीन दिवस आम्ही सगळं पाहिलं, नाही असं नाही. पाहण्यासारखं आहेच. आल्फामा हे नावच अरबी, अल-हम्मा, म्हणजे गरम पाण्याचे झरे. ११४७ साली आफोन्सो एन्रिकेसने क्रुसेडवाल्यांच्या मदतीने हे शहर मूर राजवटीकडून घेतलं, आणि त्यानंतर वस्ती माशांवर जगणाऱ्यांची आणि खलाशांची होत गेली. १ नोव्हेंबर १७५५ ला भूकंप झाला, वर लाटा आणि आग. खालचं सपाटीवरचं शहर गेलं, ते पोंबालच्या मार्किसने सरळ रेषांत नव्याने वसवलं. या टेकडीवरच्या बोळांना मात्र तुलनेने कमी धक्का लागला. म्हणून आज चालताना जो गुंता जाणवतो तो खरोखरच जुना गुंता आहे. सांता लुझियाच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांत भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक रंगवलेला आहे. आई त्यापुढे बराच वेळ उभी होती. मला वाटलं इतिहासात रमली. ती म्हणाली, "गुडघा धरलाय गं."

तिथून जवळच पोर्तास दो सोल, सूर्याची दारं, असा सज्जा आहे. खाली लाल कौलं, पांढऱ्या भिंती, सांता एन्ग्रासियाचा घुमट आणि पलीकडे नदी. त्या घुमटाखाली आता राष्ट्रीय स्मारक आहे. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कची आणि वास्को द गामाची रिकामी स्मारक-थडगी तिथे आहेत, आणि आमालिया रॉद्रिगेस या फादो गायिकेला २००१ मध्ये तिथे आणून ठेवलं. आल्बुकर्कच्या नावापुढे माझं मन काहीच बोललं नाही, बोलायला हवं होतं की काय कोण जाणे. आमालियापुढे ताजी फुलं होती.

आता नदीकडे बघा. सांता आपोलोनिया स्टेशनच्या पुढ्यात २०१७ मध्ये बोटींचं नवं टर्मिनल सुरू झालं. तिथे लागलेली एकेक प्रवासी बोट अख्ख्या वस्तीपेक्षा उंच दिसते. ती लागली की तासाभरात बोळ भरतात. अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम पोस्टकार्डावर असते तीच, आणि तीच इथल्या म्हाताऱ्यांची बाजाराला जायची गाडीही आहे. आम्ही दोनदा रांगेत उभ्या राहिलो. दुसऱ्या वेळी एक आजोबा काठी टेकत आले, रांग पाहिली आणि परत वळले. आमच्यापुढे साधारण साठ माणसं होती, सगळ्यांच्या हातात फोन. आमच्याही.

दादाशी (तो हे वाचणारच आहे) फोनवर वाद झाला तो इथेच. दादाचं म्हणणं असं, की पर्यटक यायच्या आधी आल्फामा म्हणजे काय होतं? ओल आलेल्या भिंती, पडकी कौलं, घरात धड न्हाणीघर नाही. पैसा आला म्हणून घरं दुरुस्त झाली. आणि भाडेकरूंचं म्हणशील तर तिथेही आपल्यासारखीच गंमत होती, भाडी गोठलेली, मालक दुरुस्ती करणार कशाला?

यातलं बरंचसं खरं आहे, हे मला मान्य करावं लागलं. लिस्बनमध्ये जुन्या करारांची भाडी कित्येक दशकं जवळजवळ हललीच नाहीत. २०११ मध्ये पोर्तुगालला ७८ अब्ज युरोंचं कर्ज घ्यावं लागलं आणि त्याच्या अटींत भाडेकायदा बदलणंही आलं. २०१२ च्या कायद्याने जुने करार सुटायला लागले. म्हाताऱ्यांना काही वर्षांचं संरक्षण ठेवलं, पण दार किलकिलं झालंच. २०१४ मध्ये घरं पर्यटकांना रोजावर देणं अगदी सोपं करून टाकलं. दोन्ही कायदे एकेकटे पाहिले तर वाईट म्हणवत नाहीत. एकापाठोपाठ एक आले, आणि टेकडीवरच्या मालकाला पहिल्यांदाच कळलं की रिकामं घर भरलेल्या घरापेक्षा किती तरी महाग आहे.

आईला हे सगळं मी समजावून सांगायला गेले तर ती म्हणाली, "मला काय सांगतेस, मी वाड्यात वाढले." खरंच की. नारायण पेठेतला आजोबांचा वाडा. वाडा म्हणजे आपला नव्हे, दोन खोल्या भाड्याच्या. १९४७ च्या कायद्याने भाडं ठरलेलं, महिना अठरा रुपये, आणि पावसाळ्यात माडीवर सात पातेली मांडलेली. मालक दुरुस्त करत नव्हता आणि आजोबा त्याला दोष देत नव्हते, "अठरा रुपयांत कौल तरी येतं का" म्हणायचे. शेवटी वाडा पडला, इमारत झाली, आणि आजोबांना तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. का मिळाल्या? तर पुढे तिथे राहायला माणसंच येणार होती आणि आजोबांना जागा दिल्याशिवाय काम पुढे सरकत नव्हतं. समोरच्या म्हातारीची गोष्ट इथे वेगळी होते. तिच्या इमारतीत तिच्यानंतर कुणी राहायला येणारच नाही. येतील ते झोपायला.

माझं दादाला उत्तर एवढंच आहे, की कौलं दुरुस्त झाली हे चांगलंच, पण त्याखाली झोपलंय कोण ते पाहा. मी झोपले होते. तिथल्या किमान पगाराचा २०२५ चा आकडा महिना ८७० युरो. आम्ही चार रात्रींत त्याच्या निम्म्याहून अधिक दिले. (पगार हाही त्यांचाच शब्द, 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. लिलावही त्यांचाच.) मासे विकणारी बाई माझ्याशी स्पर्धा करू शकत नाही, आणि मी स्पर्धा करतेय हे मला ठाऊकही नव्हतं.

नगरपालिकेला उशिरा का होईना जाग आली. २०१८ च्या शेवटी आल्फामा, मोरारिया, किल्ल्याचा भाग इथे अशा घरांची नवी नोंदणी थांबवली. जुनी मात्र चालूच राहिली. हे सगळे भाग ज्या सांता मारिया मायोर प्रभागात येतात, तिथे २०११ च्या जनगणनेत बारा हजारांवर माणसं होती, २०२१ मध्ये दहा हजारांच्या आसपास. मुक्कामावरचा करही वाढत वाढत २०२४ मध्ये रात्रीला ४ युरो झाला. तेवढ्याने मी काही तिथे राहायची थांबले नव्हते, तेव्हा त्याचा परिणाम काय ते मी सांगू शकते.

टेकडीच्या दुसऱ्या अंगाला मोरारिया आहे. तिथल्या एका बोळात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो कॅमिला वॉटसन या छायाचित्रकर्तीने थेट घरांच्या भिंतींवर छापले आहेत. फार सुंदर आहेत. कुणी खिडकीत, कुणी दारात. आम्ही फोटोंचे फोटो काढले. आई म्हणाली, "आपल्याकडे गेलेल्यांचे लावतात ना गं असे?" मी म्हटलं, जिवंत आहेत म्हणून लावलेत. ती काही बोलली नाही. मला एकदम पणजीतलं फोंतेन्हास आठवलं. याच पोर्तुगीजांच्या हाताखाली वाढलेली वस्ती, तशाच रंगीत भिंती, आणि आता घरांबाहेर 'फोटो काढू नका' अशा पाट्या. मागच्या खेपेला त्या पाटीचाही मी फोटो काढला होता. काय बोलणार.

मग जाऊच नये का? छे. मी परत जाणार आहे. आल्फामा चढावा, धापा टाकत चढावा, दारात बसून बाया लहान पेल्यातून जिंजा विकतात ती प्यावी, आणि जून महिना असेल तर सांतो आंतोनियोच्या रात्री भाजलेल्या सार्डिनच्या धुरात उभं राहावं. तेव्हा मांजेरिको नावाची तुळशीच्या कुळातली कुंडी एकमेकांना देतात, तिचा वास नाकाने थेट घ्यायचा नाही, हात फिरवून हाताचा घ्यायचा. पण रात्री खाली उतरून हॉटेलात झोपावं. हॉटेल बांधलेलंच असतं झोपायला आलेल्यांसाठी. थोडं महाग पडेल, स्वयंपाकघर मिळणार नाही, आईचं धुणं बाथरूममध्ये वाळेल. चालेल. कुणाच्या तरी घरात 'अस्सल' राहायची हौस पुरवायला ते घर आधी रिकामं करावं लागतं, हे आमच्यासारख्यांना न कळण्याइतकं अवघड नाही. कायद्याने थांबवायची वाट बघत बसायचीही गरज नाही. दादा म्हणतो, तुझ्या एकटीने काय होणार. काही होणार नाही. वाड्यात पातेली मांडून पाऊस थांबत नव्हता, तरी मांडायचोच.

निघायच्या दिवशी पहाटेची फ्लाइट होती. पावणेपाचला मी बॅगेचा दांडा ओढला तर आईने हातावर मारलं. "चाकं नको. उचल." मी म्हटलं, अगं तुझे गुडघे. ती म्हणाली, माझी छोटी आहे, तू मोठी घे. आणि त्र्याहत्तर पायऱ्या आम्ही बॅगा उचलून उतरलो, मधे चार वेळा थांबत, हळू आवाजात भांडत. निघताना चावी पेटीत ठेवून आकडे फिरवले होते. समोरची खिडकी बंद होती, दोरीवर तिचा एक टॉवेल आणि दोन चिमटे आईचे, जे तिने आदल्या दिवशी हात लांब करून दिले होते.