खुडूक कोंबडीची बाजू

आमच्या आईनं पिलांसाठी कधी शेगडी पेटवली नाही. ऊब द्यायला खुडूक कोंबडी होती. आता हॅचरीतून पिलं आणतात अन् बंद खोलीत कोळसे पेटवतात. त्यातला विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास. पिलं मरतात, शेजारी निजलेलं माणूसही. दुसरे शहाणे 250 वॉटचा बल्ब सुतळीनं टांगतात, खाली भाताचं तूस! अरे, साखळीनं बांधा, जाळी लावा. पहिल्या आठवड्यात 35 अंश, पुढं दर आठवड्याला 3 अंश कमी. पिलं गोळा झाली तर गारठलीत, कडेला पळून चोच वासतायत तर भाजतायत. पण दहा पिलांसाठी एवढा खटाटोप कशाला? अंधार पडल्यावर खुडूक कोंबडीखाली एका दिवसाची पिलं सरकवा, बहुतेकदा घेते. अन् आपण? तिचा खुडूकपणा मोडायला तिलाच बादलीत बुचकळतो.